चाकाला वर जायला जागा

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा संच, घ्यायला निघालेला माणूस तोंडाने वळणांबद्दल बोलतो आणि डोळ्यांनी मडगार्डखालची फट मोजत असतो. श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याचंही तसंच. त्याने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, २०१५ साली बाजारात आलेल्या चौथ्या पिढीतली. दोन माणसांची, मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला हजार किलोच्या आसपास. वळणात ती चांगलीच कलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. ही तक्रार खरीच. पण वेगवेगळ्या संचांचे फोटो मला पाठवताना त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, किती खाली बसेल?"

मी उलट विचारलं, "अरे, खाली बसल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरेल?" माझी नोकरीची बरीच वर्षं चाकणला शॉकॲब्सॉर्बरच्या चाचणी-यंत्रावर गेली, त्यामुळे हा प्रश्न आपसूक तोंडात येतो. माझ्या मते या खरेदीत निर्णायक प्रश्न हाच. ब्रँड, क्लिक, रंग हे सगळं त्याच्या मागून.

या गाडीत कंपनीनेच स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरवर चढवलेली असते. नव्या संचात वेगळं काय, तर नळीवर बाहेरून पाडलेले आटे आणि त्यांवर फिरणारी कडी. कडी खाली उतरवली की गाडी खाली येते. आता समजा चाकाला वर जायला एकूण ७० मिमी जागा होती आणि गाडी ३० मिमी खाली घेतली, तर उरले ४० मिमी. त्यातही शेवटचा टप्पा बंपस्टॉपचा, म्हणजे दांड्यावर ओवलेल्या फोमच्या गोळ्याचा. भर वळणात बाहेरचं चाक त्या गोळ्यावर जाऊन टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो आणि टायर पकड सोडतो. चालवणाऱ्याला वाटतं, टायर वाईट आहेत. म्हणून गाडी खाली घ्यायची तर स्प्रिंग कडक घ्यावीच लागते. हा कडकपणा म्हणजे त्या खाली बसण्याची किंमत आहे, लोक मात्र तोच गुण समजून विकत घेतात.

काही संचांत खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो. त्यात उंची बदलली तरी शॉकॲब्सॉर्बरच्या आतली हालचाल शाबूत राहते. ऐकायला उत्तम, पण मग मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासणार नाही ना, हे वेगळं बघावं लागतं. जागा शेवटी गाडीच्या अंगातच असते, संच ती निर्माण करत नाही. आणि कडी आवळली की स्प्रिंग कडक होते हा समज तर गॅरेजागणिक भेटतो. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग जितकी कडक आहे तितकीच राहते, फक्त गाडी उचलली जाते.

कडक म्हणजे किती, हे आकड्यातच बोलावं. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरणाऱ्या रचनेत, चाक जितकं हलतं त्याहून स्प्रिंग कमी दबते. चाक १० मिमी वर गेलं आणि स्प्रिंग ७ मिमी दबली असं धरू. मग ०.७ चा वर्ग, म्हणजे स्प्रिंगच्या कडकपणापैकी जेमतेम निम्मा चाकापर्यंत पोहोचतो. ६० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकाशी २९ च्या आसपास भरते. त्या कोपऱ्यावर २३० किलो भार असेल तर गाडी सेकंदाला १.८ वेळा डोलेल. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या दोनच्या अलीकडे. त्याच जागी १०० ची स्प्रिंग घातली तर २.३ होतात. ट्रॅकवर छान, पण रोज ऑफिसला जायचं तर मणक्याला विचारून घ्यावं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत चाक आणि स्प्रिंग जवळजवळ सारखंच हलतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावणं निरर्थक. पुतण्या नेमकं तेच करत होता. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त वेगाने डोलावी, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलत नाही, हे अभियंता मॉरिस ऑलीने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं. आजही संच निवडताना पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा मेळ बघताना तेच तपासतात.

मग आल्या क्लिक, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा विरोध कमी-जास्त करणाऱ्या नॉबचे टप्पे. "काका, यात ३२ आहेत!" चाचणी-यंत्रावर शॉकॲब्सॉर्बर उभा आवळतात, दांडा वेगवेगळ्या वेगांनी हलवतात आणि प्रत्येक वेगाला किती बल लागलं त्याची रेघ उमटते. मी पाहिलेल्या स्वस्त संचांत पहिल्या काही क्लिकमध्ये रेघ सरकते, पुढे एकीवर एक पडत जाते. त्याहून वाईट म्हणजे, डावा-उजवा एकाच क्लिकवर ठेवले तरी त्यांच्या रेघा जुळत नाहीत. काम खरं करतात ते आतल्या पिस्टनवरचे पातळ पोलादी वॉशर. तेलाच्या दाबाने ते वाकतात. बाहेरचा नॉब बहुतेक वेळा एक सुई पुढे-मागे करतो, तिचा परिणाम दांड्याच्या संथ हालचालीवर जास्त, म्हणजे कलणं, नाक घालणं यांवर. खड्ड्याच्या धक्क्याचं ते वॉशरच बघतात.

जर्मन बाजारात पायऱ्या तशा स्पष्ट आहेत. बिल्स्टाइनच्या बी-१४ ला नॉबच नाही. बी-१६ ला एक नॉब आणि दहा टप्पे, दाब (दांडा आत जातानाचा विरोध) आणि परतावा (बाहेर येतानाचा) दोन्ही एकदम बदलणारे. केडब्ल्यूमध्ये व्हेरिएंट १ ला फक्त उंची, २ ला परतावा, ३ ला दाब आणि परतावा वेगवेगळे. स्वीडनच्या ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्ये झटक्याच्या वेळी तेलाला जास्तीची वाट मोकळी करणारी झडप असते, ती परतीच्या हालचालीतही उघडते, म्हणून खडबडीत रस्त्यावर चाक पटकन जमिनीला टेकतं. मी बी-१४ च्या बाजूचा होतो. ज्याला बदल ओळखता येत नाही त्याच्या हातात नॉब कशाला? पण आट्यांच्या नळ्या स्टेनलेस पोलादाच्या हव्यात हा पुतण्याचा मुद्दा बिनतोड होता. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि साध्या पोलादावर कडी गंजून बसते. शेवटी त्याने व्हेरिएंट ३ घेतला, पुस्तिकेतल्या क्लिकवरच ठेवायचा या अटीवर. परतावा जास्त आवळला तर ओळीने आलेल्या उंचवट्यांवर स्प्रिंगला उघडायला सवड मिळत नाही, गाडी पायरी-पायरीने खाली ओढली जाते आणि परत बंपस्टॉपवर बसते.

मी तिकडे गेल्यावर काम आम्ही भाड्याने लिफ्ट मिळणाऱ्या गॅरेजात केलं. उंची जमिनीपासून मोजायची नाही, टायरची हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची. विशबोनचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात. ते सैल ठेवून, चाकांवर पूर्ण भार देऊन मगच टॉर्क पान्याने आवळायचे. मग प्रत्येक शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधला. नळीचं तोंड त्याला ढकलत नेतं, त्यामुळे चाक कुठवर वर गेलं ते नंतर वाचता येतं. श्वेबिश आल्पच्या डोंगरी रस्त्यांवरून फिरून आल्यावर पुढचा टाय बंपस्टॉपच्या पार आत गेलेला दिसला. नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर, फुक्सरोअरच्या तळाशी गाडी दाबली जाते तिथे, याचं काय झालं असतं, ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याने मुकाट्याने कडी वर फिरवली.

मग अलाइनमेंट, मग हेडलाइटची पातळी, मग ट्यूफ, म्हणजे तिथली वाहन-तपासणी. संचासोबत आलेल्या प्रमाणपत्रात गाडी किती खाली घेता येईल त्याची मर्यादा लिहिलेली असते. तपासनीसाने कर्णात समोरासमोरची चाकं ठोकळ्यांवर चढवली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, टायर आणि मडगार्ड यांच्या मधून हात फिरवला आणि उंची मोजून नोंदवली. नासिकहून भावाने फोनवर विचारलं, हीच गाडी इकडे आणली तर? आपल्याकडच्या गतिरोधकाची उंची नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर. नियमाप्रमाणे नसलेल्यांचं विचारू नकोस, म्हटलं.

पुतण्याला आता रुंद रिम हव्या आहेत. प्रमाणपत्रात रिम-टायरची मापंही असतात, म्हणजे ठोकळ्यांवर चढवण्यापासून सगळं पुन्हा.