वकिलाशिवाय शिक्षा झाली, आता पुढे काय?

राजूरकडची माणसं तारखेला अकोल्याच्या कोर्टात निघतात तेव्हा घरात एकच हिशेब चालतो: वकिलाची फी कुठून आणायची? मग कुणीतरी म्हणतं, "राहू द्या चाचा, आपणच साहेबांना खरं काय ते सांगू." स्वतःची बाजू स्वतः मांडायला मनाई नाही. पण शिक्षा झाली की आपण समजतो, वकील आपणच दिला नव्हता, आता कुठल्या तोंडाने दाद मागायची? इथेच आपलं चुकतं.

अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास यांना धमकीच्या खटल्यात दोन वर्षांची कैद झाली. वकील नव्हता, सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी त्यांना जमली नाही. हायकोर्ट म्हणालं, यांनी वकील मागितलाच कुठे? १९८६ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा? गरीब आरोपीला मोफत वकील मिळतो, हे सांगणं न्यायाधीशाचंच काम. (वकील, हक्क, जामीन, कैद हे सगळे शब्द उर्दूतही आहेत, घरात रोज कानावर पडतात, हक्क मात्र माहीत नसतो.)

साहेबांनी विचारलं आणि आपणच "नको" म्हणालो असू, तर हा मुद्दा लंगडा पडतो. म्हणून खटल्याच्या रोजनाम्यात काय नोंद आहे ते आधी बघावं.

"गुन्हा कबूल" म्हटलं असेल तरी सगळं संपत नाही. दोषी ठरवण्याविरुद्ध सहसा अपील नाही, पण शिक्षा जास्त किंवा बेकायदा असेल तर आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांहून जास्त कैद देऊच शकत नाहीत.

मुदत मात्र थांबत नाही. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात ३० दिवस, सेशनच्या निकालावर हायकोर्टात ६०. कैद झाली तर निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. आपल्या महाराष्ट्रातल्याच हॉसकोट खटल्यात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने हे बजावलं. त्यांना प्रत मिळेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती! आरोपी जामिनावर असेल आणि कैद तीन वर्षांपर्यंतची असेल, तर त्याच दिवशी त्याच कोर्टात "अपील करायचंय" म्हणून जामीन मागावा.

तुरुंगात असलेल्याचं अपील अधीक्षकांमार्फतही जातं. महिलांना आणि कोठडीतल्यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यावा, नाहीतर १५१०० वर फोन करावा.