वायरलेस सेटलाही तक्ता हवा

वॉर्डातली फेरी खाटेला अडकवलेल्या तक्त्यापासून सुरू होते. सकाळी ताप उतरलेला दिसला म्हणून आम्ही रुग्णाला लगेच घरी सोडत नाही. रात्री तो किती चढला होता, हे आधी पाहतो. २०२७ च्या सिंहस्थात घाटांवरची वैद्यकीय पथके ज्या वायरलेस सेटवर विसंबतील, त्या सेटलाही असाच तक्ता हवा.

प्रचंड गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबते, फोन लागत नाहीत. तेव्हा आधार वायरलेसचाच. अचानक हृदय बंद पडलेल्याला छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. 'ऐकू येत नाही, पुन्हा सांगा' यात गेलेली दोन मिनिटे म्हणूनच जिवावर बेततात. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गमावलेल्या नाशिकला मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत मोजतात. उणे ७० आणि उणे १०० यांत फरक तीसचाच दिसतो. पण दर दहा अंकांमागे शक्ती दहापट कमी होते, म्हणजे इथे ती हजारपट घटलेली असते. रिकाम्या रामकुंडावर खणखणीत बोलणारा सेट पर्वणीला अडखळू शकतो, कारण माणसाच्या शरीरातले पाणी रेडिओ लहरी शोषते. नदीकाठचा खोलगट भाग, जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, त्र्यंबकेश्वरभोवतीचे डोंगर हेही आड येतात.

डिजिटल यंत्रणेत कोणत्या सेटचा संदेश किती वाजता, किती ताकदीने पोहोचला आणि कोणता मध्येच तुटला, याची नोंद ठेवता येते. ती वाचली की निदान सोपे होते. एकच सेट सगळीकडे क्षीण असेल, तर दोष त्याच्या बॅटरीत किंवा अँटेनात. सगळेच सेट एका जागी क्षीण पडत असतील, तर दोष जागेचा. तिथे रिपीटर लागेल. सगळे एकाच वेळी बिघडत असतील, तर गर्दी किंवा दुसऱ्या लहरींचा अडथळा शोधावा.

म्हणून चाचणी रिकाम्या घाटावर नको. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकेश्वर फुलून जाते. तो दिवस चाचणीला योग्य. आणि त्या दिवसाची नोंद त्याच संध्याकाळी डॉक्टर आणि वायरलेसचे तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून पाहावी. कोणी वाचलाच नाही, तर खाटेवरच्या तक्त्याचाही रुग्णाला उपयोग होत नाही.