लुटारू माशी व बी वेचणारी मुंगी

पुणे जिल्ह्यातील गवताळ माळरानांवर आढळणारे दोन कीटक. लुटारू माशी (गण डिप्टेरा, कुल ॲसिलिडी) काडीवर टपून बसते व उडता कीटक हवेतच पकडते. सोंडेने त्याच्या अंगात विषारी लाळ सोडून द्रवरूप झालेले ऊतक शोषते. मुंगी (गण हायमेनॉप्टेरा, कुल फॉर्मिसिडी) समूहाने राहते, गवताचे बी वारुळात साठविते व फोलपटे दाराशी टाकते. पावसाने भिजलेले बी ती बाहेर आणून वाळविते, असे विल्यम हेन्री साइक्स यांना पुण्यात आढळले. फाइडोले प्रॉव्हिडेन्स या जातीचे त्यांनी केलेले वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रजननकाळी उडणाऱ्या पंखधारी मुंग्याही लुटारू माशीचे भक्ष्य होतात. माशीच्या अळ्या व मुंगीचे वारूळ जमिनीतच असल्याने, पिंपरी-चिंचवड व चाकण येथे कारखान्यांसाठी जेथे माळ खणून सपाट केला गेला, तेथे दोहोंचाही आसरा नाहीसा झाला.