वंगण किती निसरडे असावे?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या मनात वंगणाचे एकच काम पक्के बसलेले असते. कुरकुर थांबली पाहिजे आणि चाक हलके फिरले पाहिजे. जितके ओशट तितके चांगले. पुढे आयुष्यात मोटार आली तरी हा हिशेब आपण बदलत नाही. दुकानात गेलो की 'सगळ्यात भारी कोणते?' असे विचारतो आणि महागातली बाटली घेऊन येतो. इंजिनाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. हाताने गिअर बदलायच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये मात्र हा हिशेब चुकतो.

यंत्रांविषयी वाचत बसण्याचा माझा नाद घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी मला फोन केला. त्याने १९९० सालची माझदा एमएक्स-५ घेतली आहे. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. दोन माणसांची, उघड्या टपाची ही छोटी जपानी स्पोर्ट्स कार १९८९मध्ये शिकागोच्याच मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. मी ती कधी चालवलेली नाही, पण तिचा आखूड, नेमका बसणारा गिअर हेच तिचे मोठे सुख, असे चालवणारे सांगतात. भाचा म्हणाला, "मामा, गिअरबॉक्समध्ये सगळ्यात महाग, रेसिंगचं तेल घातलं. तेव्हापासून थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकला की खर्रकन ओरडतो. आधी एवढं नव्हतं."

तो का ओरडत होता, हे समजायला गिअरबॉक्सच्या आत डोकावायला हवे. आपण गिअर 'टाकतो' म्हणतो, पण पुढे जाण्याच्या गिअरांची चाके एकमेकांत कायमच गुंतलेली असतात. दांडा हलवल्यावर एवढेच होते की, शाफ्टवर मोकळे फिरणारे एक चाक त्या शाफ्टला जखडले जाते. अडचण अशी की, त्या क्षणी चाकाचा वेग वेगळा असतो आणि शाफ्टचा वेगळा. वेग जुळण्याआधी दात एकमेकांत घुसवले की तो ओळखीचा कर्कश आवाज येतो. जुन्या ट्रकवर हात बसलेले ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाचा वेग कमीजास्त करून ही जुळणी स्वतः करत. त्याला ते 'डबल क्लच' म्हणत. हे कसब यंत्राकडे सोपवले अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याने. त्याची सिंक्रोमेश रचना १९२८च्या कॅडिलॅकमध्ये आली. आज ते काम पितळेसारख्या धातूची एक कडी करते. दांडा ढकलला की ही कडी चाकाच्या उतरत्या, शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घासते, घासून वेग जुळवते आणि मगच दातांना वाट मोकळी करून देते. एवढे सगळे डोळ्याचे पाते लवण्याइतक्या वेळात होते.

इथेच खरी गोम आहे. चाकांच्या दातांना हवा असतो निसरडेपणा आणि कडीला हवी असते पकड. दोघांच्या वाट्याला तेल मात्र एकच, एमएक्स-५मध्ये अवघे दोन लिटर. कडीच्या आतल्या अंगाला बारीक आटे पाडलेले असतात ते तेलाचा थर चिरून बाजूला सारण्यासाठी. तेलच जर हट्टाने धातूला धरून राहणारे असेल, तर कडी घासण्याऐवजी घसरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. दुसऱ्या गिअरवर ही वेळ लवकर येते, कारण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना वेगातली तफावत मोठी असते आणि शहरात हाच गिअर सतत लागतो.

मग एवढी हट्टी तेले बनली कशासाठी? त्याचे उत्तर गाडीच्या मागच्या आसापाशी आहे. १९२०च्या दशकात पॅकार्ड कंपनीने मागच्या आसात 'हायपॉइड' प्रकारचे गिअर आणले. यात इंजिनाकडून येणारा शाफ्ट मोठ्या चाकाच्या मध्यापेक्षा खाली जोडता येतो, त्यामुळे गाडी बुटकी, डौलदार होते. या डौलाची किंमत तेलाला मोजावी लागली. हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, आडवे घासतही जातात. साधे तेल तिथून पुसले जाते. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळू लागले. दाब आणि उष्णता जिथे वाढते तिथे ती लोखंडाशी संयोग पावून एक मऊ पापुद्रा तयार करतात. पोलादाऐवजी तो पापुद्रा झिजतो.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची जीएल-४ आणि जीएल-५ ही वर्गवारी या संरक्षणाची आहे. जीएल-५मध्ये ही द्रव्ये ढोबळमानाने जीएल-४च्या दुप्पट असतात. आकडा मोठा म्हणून तेल वरच्या इयत्तेचे, असे बहुतेकांना वाटते. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. पण जीएल-५ हे मुख्यतः हायपॉइड आसासाठी ठरवलेले माप आहे. सिंक्रोच्या कडीला पकड मिळते की नाही, हे त्यात तपासलेच जात नाही. शिवाय गंधकाला तांब्याची ओढ, आणि पितळ म्हणजे तांबे नि जस्त. तेल किती खाऊ आहे हे पाहायला तांब्याची घासूनपुसून लख्ख केलेली पट्टी गरम तेलात तीन तास बुडवून ठेवतात आणि तिच्यावर चढलेला काळेपणा ठरावीक रंगपट्टीशी ताडून बघतात. देवघरातली तांब्याची भांडी घासणाऱ्यांना ही परीक्षा समजावून सांगायला नको. आजची अनेक जीएल-५ तेले या परीक्षेत चांगली उतरतात, तेव्हा जीएल-५ घातले की पितळ गेलेच, ही गॅरेजमधली भीती सरसकट खरी नाही. खुद्द माझदाच्या पुस्तिकेत या गाडीला दोन्ही वर्ग चालतात असे दिले आहे.

मग भाच्याच्या तेलात खोट काय होती? मी त्याला बाटलीचा फोटो पाठवायला सांगितला. वर्ग जीएल-५, दाटपणा ७५डब्ल्यू-१४०, आणि खाली बारीक अक्षरात 'लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी'. त्या प्रकारच्या डिफरन्शियलमध्ये वळणावर थरथरणाऱ्या क्लचच्या चकत्या असतात. त्या गुपचूप सरकाव्यात म्हणून तेलात घर्षण कमी करणारे आणखी एक द्रव्य घालतात. एके काळी हे काम स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलावर चाले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. म्हणजे भाच्याने ज्या कडीला घासायचे होते, तिलाच पैसे मोजून गुळगुळीत केले होते.

दाटपणाही नडला. शंभर अंश सेल्सिअसला १४०चे तेल ९०च्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट दाट असते. आपल्याकडच्या मेकॅनिकचे 'नव्वद नंबर' ते हेच ९०. हे आकडे इंजिन ऑइलच्या मापाचे नव्हेत; गिअरचे ९० साधारण इंजिनाच्या ४० ते ५० इतकेच दाट भरते. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर हलते. शिकागोत तो महत्त्वाचा.

याचा अर्थ पातळ जीएल-४ सर्वांना लागू, असाही नाही. १९९३पासूनच्या शेव्हरोले कॅमारोत आणि १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये टी-५६ नावाचा सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स असे; त्यात चक्क ऑटोमॅटिक गाडीचे पातळ तेल घालत, कारण त्याच्या कड्यांना कागदासारखे अस्तर लावलेले असे. तिथे नव्वद नंबर घालणे चूक. आधी कडी कशाची आहे ते पाहावे, मग तेल.

भाच्याला मी ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, गिअरबॉक्ससाठीच बनवलेले तेल सुचवले. मागच्या आसाला मात्र जीएल-५च. आणखी एक बजावले: तेल काढायचा बोल्ट सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तो गंजून बसला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन अंगणात बसावे लागते. काढलेल्या तेलात आणि बोल्टच्या चुंबकावर करडा लगदा होता. तो नेहमीचाच. पण तेल उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चमक दिसली. ते पितळ होते.

नवे तेल घातल्यावर आठवड्याभरात ओरडणे पुष्कळ कमी झाले, पूर्ण गेले नाही. झिजलेली कडी तेलाने भरून येत नाही आणि ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम त्याने येत्या हिवाळ्यावर टाकले आहे. तोवर थंड सकाळी पहिले दोन-तीन मैल तो दुसरा गिअर जरा थांबून, हलक्या हाताने टाकतो. खाली येताना डबल क्लच करायलाही शिकला आहे.