फळा गेला, पाटी आली

२०२० सालचा गुढीपाडवा आठवतो ना? मार्चची २५ तारीख होती, आणि नेमके त्याच दिवशी साऱ्या देशाला कुलूप लागले. आम्ही खिडकीत गुढी उभारली आणि 'एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे' असे म्हणून एकमेकांची समजूत घातली. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. मी मुंबईच्या गिरणगावातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. पेपर रद्द झाल्याचे ऐकून मुलांना काय वाटले असेल ते असो. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

जून उजाडला आणि मुख्याध्यापकांचा फोन आला. "बाई, १५ जूनला वर्ष सुरू होणार. पण शाळेत नव्हे, मोबाइलवर!"

मला तेव्हा पंचावन्नावे लागले होते. भावंडांची विचारपूस आणि सकाळचे सुविचार, एवढीच माझी त्या यंत्राशी ओळख. त्या रात्री मी यांना म्हटले, "मी स्वेच्छानिवृत्ती घेते. मुलांसमोर हसे होण्यापेक्षा मानाने घरी बसलेले बरे."

हे काही बोलले नाहीत. चिरंजीव मात्र म्हणाले, "आई, नापास होण्याच्या भीतीने परीक्षेला न बसणाऱ्या मुलांना तू काय सांगतेस?"

माझेच शस्त्र माझ्यावर उलटले, आता काय बोलणार! दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर मी मुलाची विद्यार्थिनी झाले. तो मास्तर म्हणून फार कडक निघाला. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की सुस्कारा टाकी. तेव्हा मनात आले, की आपणही वर्गात असेच सुस्कारे टाकले असतील, आणि किती मुलांनी त्या भीतीने चौथ्यांदा विचारलेच नसेल!

फळ्याचा प्रश्न स्वयंपाकघराने सोडवला. डाळीच्या डब्यांचे दोन मनोरे रचले, त्यांवर दोन फुटपट्ट्या आडव्या ठेवल्या आणि फोन पालथा घातला. खाली कोरा कागद. कागदावर जे लिहीन ते मुलांना दिसणार. त्या महिन्यात आमटी करायची झाली की आधी 'शाळा' मोडावी लागे!

रंगीत तालीम म्हणून आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विद्यार्थी केले. वय ब्याऐंशी. दुसरा फोन देऊन त्यांना आतल्या खोलीत बसवले आणि मी आठवीचा पहिला धडा सुरू केला, परिमेय व अपरिमेय संख्या. वीस मिनिटे मी न थांबता शिकवले. आकृती छान आली, आवाज स्वच्छ. मोठ्या अभिमानाने आत गेले, तर नाना लोडाला टेकून घोरत होते आणि त्यांचा फोन आढ्याचा पंखा दाखवीत होता.

मी रागावले. नाना शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तू मला काही विचारलंस कुठं? नुसती सांगत होतीस."

ते वाक्य मला लागले. वर्गात शिकवताना मी तरी कुठे विचारीत होते? पण तिथे माझे डोळे विचारीत. कोणाची भुवई चढली, कोणाची नजर खिडकीबाहेर गेली, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आहे, हे फळ्याकडून वळताच कळे. तीस वर्षांत माझी खरी कमाई ती नजरच. पडद्यावर तिचा काही उपयोग नव्हता. डेटा संपतो म्हणून मुले आपले चित्र बंद ठेवीत, आणि माझ्यासमोर नावांच्या काळ्या चौकोनांखेरीज काही नसे. तेव्हा बटणे शिकणे हे काम सोपे होते. अवघड होते ते दिसत नसताना विचारायला शिकणे.

मग एक युक्ती केली. मुलांना म्हटले, "घरात धाकट्या भावंडाची पाटी असेल तर घेऊन बसा. नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालेल." दर सात-आठ मिनिटांनी मी थांबायची आणि एक लहानसा प्रश्न घालायची. मी 'दाखवा' म्हटले की साऱ्यांनी क्षणभर चित्र सुरू करून पाटी पुढे धरायची. पाट्या मोजल्या की कोणाला समजले आणि कोणाला नाही, याचा हिशेब हातात! जी मुले वर्गात कधी हात वर करीत नसत, त्यांच्याही पाट्या दिसू लागल्या. त्या जुलैत केंद्र शासनाच्या 'प्रज्ञाता' या मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीला दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सुचवल्या. थोड्या वेळात नेमके विचारायचे, हा धडा आम्हां शिक्षकांसाठीच होता.

पण पाटी दाखवायला आधी पडद्यावर यायला हवे ना! २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शहरी घरांपैकी सुमारे ४२ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. हे आकडे मला माझ्या हजेरीपटावर भेटले. शाळा सुरू होण्याआधी मी एकेका घरी फोन लावला. अट्ठेचाळीस मुलांत अकरा घरी एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. त्यांच्यासाठी तास संध्याकाळी सातला ठेवला. सहा मुलांचा मात्र पत्ताच लागेना.

त्यांतला एक मागच्या बाकावरचा, अबोल. शाळा बंद होताच आई त्याला श्रीवर्धन तालुक्यातल्या गावी घेऊन गेली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब पडले, फोन मुके झाले. जुलैत एके दिवशी अनोळखी क्रमांकावरून आवाज आला. "बाई, मी बोलतोय. काकांचा फोन आहे. बटणांचा. टेकाडावर आलो की लागतो."

चित्र नाही, कागद नाही, पाटी नाही. नुसता आवाज. दर रविवारी सकाळी त्याने टेकाडावरून हाक द्यायची आणि मी इथून शिकवायचे, असे ठरले. दोनाचे वर्गमूळ कसे दाखवावे याचा मी आठवडाभर विचार केला. ज्या चौरसाची बाजू एक, त्याचा कर्ण म्हणजे दोनाचे वर्गमूळ. ती संख्या अपूर्णांकात नेमकी लिहिता येत नाही, पण दोरीने दाखवता येते. त्याला म्हटले, "वाडीत काटकोनात दोन दोऱ्या ताण. दहा दहा फुटांच्या. मग टोकापासून टोकापर्यंत तिरकी दोरी मोज आणि पुढच्या रविवारी सांग."

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "बाई, चौदा फूट आणि वर दोन बोटं! तीनदा मोजलं. वरची दोन बोटं काही जाईनात."

"ती जायचीच नाहीत, बाळा," मी म्हटले. "तीच तर अपरिमेय."

पलीकडे तो हसला. वर्गात मी त्याला कधी हसताना ऐकले नव्हते, कारण त्याला काही विचारलेच नव्हते.

मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला उघडले. खडू हातात घेताना डोळे भरून आले. समोर मुखपट्ट्या बांधलेली मुले, दिसत होते फक्त डोळे. माझी नजर मला परत मिळाली होती. तरी दहा मिनिटांनी मी थांबले आणि म्हटले, "दाखवा बघू वह्या!" ती सवय आता सुटायची नाही, आणि सुटूही नये. उरलेल्या पाचांपैकी तिघे परतले, दोघांचा ठावठिकाणा लागला नाही. ती दोन नावे मी अजून विसरलेले नाही.

तो परत आला नाही. गावच्या शाळेतच राहिला. पण त्या दिवाळीला त्याचा फोन आला. वाडीत सुपारीची नवी रोपे लावली होती, नऊ नऊ फुटांवर.

"रांगा काटकोनात आहेत ना रे?" मी सवयीने विचारले.

"हो बाई. तिरकी दोरी लावून बघितली. पावणेतेरा फुटांना एक बोट कमी!"