जूनची फी, मार्चची शिष्यवृत्ती

मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या आदराने जिचे नाव घेतले, ती जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला ती मिळे. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली, आणि पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाची, ते नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे. कल्याणहून माळशेज घाटाच्या रस्त्याला लागले की लागणारे हे तालुक्याचे गाव. मुंबईच्या शिक्षणाचा आणि पहिल्या आगगाडीचा पाया घालणाऱ्यांत ज्यांची गणना होते, त्यांच्या मुरबाडला आजही रेल्वे नाही. आणि तिथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवरची जी मुले बारावी पास होतात, त्यांना लागणारी शिष्यवृत्ती पहिल्या नंबराची नसते. कॉलेजात टिकून राहता येईल एवढीच ती लागते.

कल्याण हे या मुलांचे सगळ्यात जवळचे मोठे शहर. मुरबाड तालुक्यात शिवळ्याचे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे, शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, आणि या दोन्ही संस्थांचे त्या भागावर मोठे उपकार आहेत. पण हवा तो विषय तिथे नसला की वाट कल्याणकडे वळते, १९७२ पासूनच्या बिर्ला कॉलेजकडे किंवा आसपासच्या इतर महाविद्यालयांकडे. कसाऱ्याच्या बाजूची मुले आसनगाव, वासिंद, खडवलीहून लोकलने येतात. मुरबाडची मुले एसटीने किंवा वडापच्या जीपने.

हा फरक दिसतो तितका किरकोळ नाही. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास मोफत देते. एसटीची अहिल्याबाई होळकर योजनाही मुलींना मोफत पास देते, पण बारावीपर्यंतच. म्हणजे मुरबाडच्या धसई-टोकावड्याकडची मुलगी ज्या जूनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला येते, त्याच जूनमध्ये तिचा मोफत प्रवास संपतो. पुढे विद्यार्थी सवलतीचा पास काढायचा, आणि शेवटची गाडी चुकली तर जीपला पदरचे पैसे मोजायचे. रुळांच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या दोन मुलींच्या शिक्षणाचा खर्च असा वेगळा होतो. कुठल्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात हा फरक मांडायला रकानाच नाही.

अर्जात रकाने आहेत ते दोनच: वसतिगृहात राहणारा आणि घरून ये-जा करणारा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०१० पासून बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या सर्वसाधारण पदवीसाठी घरून येणाऱ्याला निर्वाह भत्ता होता महिना ३०० रुपये, वसतिगृहातल्याला ५७०. अनुसूचित जातींसाठीची योजना २०२१ मध्ये नव्याने आखली गेली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा झाला, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. ही मोठी आणि स्वागतार्ह गोष्ट होती. पण घरून येणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याचा भत्ता ठरला वर्षाला ३,००० रुपये. दहा महिन्यांचे ३०० धरले तर आकडा तोच. दहा वर्षांत एसटीचे भाडे, वह्या, वडापाव सगळे महागले, भत्ता मात्र होता तिथेच राहिला. उत्पन्नाची मर्यादाही २०१३ पासून अडीच लाखांवर थांबलेली आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी आठ लाखांची मर्यादा चालते, मग दलित-आदिवासी घरांसाठी अडीच लाख का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी २०१६-१७ पासून दोन चांगल्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. स्वाधारमध्ये मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास. एवढ्यात ठाण्यात राहायचे तर चाळीतली एक खोली चार-पाच जणांत घ्यावी लागते. तरीही या योजनांनी अनेकांना तारले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

माझे मुख्य म्हणणे रकमेपेक्षा तारखेबद्दल आहे.

बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. जूनमध्ये प्रवेश, पास, पुस्तके आणि अंगावर घालायला दोन बरे कपडे, हे सगळे एकदम येते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडची उचल फिटते न फिटते तोच भातलावणी येते. नेमक्या याच दिवसांत बापाला तलाठ्याकडे, मग सेतूत, मग तहसीलदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. जातीचा दाखला नसेल तर आजोबांचा पुरावा शोधावा लागतो. ज्यांचा आजोबा कधी शाळेतच गेला नाही, त्यांच्या घरी तो सापडणार कुठून? व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर वर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र हवे.

एवढे जमले की मग महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे सरकारी पोर्टल. अर्ज भरायचा, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. कुठे नाव जुळले नाही की ‘सेंट बॅक’. आधार बँकेशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेला पैसाही खात्यात येत नाही. पैसा मंजूर झाला तरी व्हाउचर ‘रिडीम’ करायचे राहिले की अडकून पडतो, आणि हे सायबर कॅफेवाल्याने सांगितले नाही तर मुलाला कळतही नाही. एवढ्या दारांतून पैसा येईपर्यंत बहुधा आर्थिक वर्ष संपत आलेले असते, कधी पुढचे सुरू झालेले असते. कॉलेजच्या खिडकीवर वर्षभर एकच प्रश्न चालतो: स्कॉलरशिप आली का?

नव्या पद्धतीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या खात्यात केंद्राचा हिस्सा थेट जमा होतो आणि त्याने सात दिवसांत कॉलेजची फी भरायची असते. घरात कोणी आजारी असताना, दुकानाची उधारी थकलेली असताना खात्यात अचानक आलेले ते पैसे जसेच्या तसे कॉलेजात पोहोचवायचे, ही परीक्षा आपण अठरा वर्षांच्या मुलाची घेतो. फी राहिली की निकाल अडतो, दाखला अडतो.

गरीब विद्यार्थ्याला वेळेवर आधार देण्याचे काम आपल्या पूर्वसुरींनी वेगळ्या रीतीने केले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे जातीजातींसाठी वसतिगृहे काढली. मुलगा आला की त्या रात्रीपासून त्याच्या जेवणाची सोय. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. मुले त्या दिवशी भुकेली होती, म्हणून त्या थांबल्या नाहीत. बाबासाहेबांना बडोद्याचे साडेअकरा पौंड दरमहा मिळत, म्हणून कोलंबियात त्यांना शिकता आले. त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयपुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न मांडला आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. ग्रामीण गरीब मुलांना अल्प खर्चात राहायला जागा आणि सोबत कमवा-शिकाचे काम, एवढ्यावर तिथून पिढ्या उभ्या राहिल्या.

सरकारने करायचे ते अवघड नाही. अनुसूचित जातींच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. हे कार्ड दाखवले की आगाऊ फी न भरता प्रवेश. ती आदिवासी, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांनाही काटेकोरपणे लागू करावी. दहावीला एकदा तपासलेला जातीचा दाखला दरवर्षी पुन्हा मागू नये. भत्त्याचा पहिला हप्ता जुलैत द्यावा. एसटीचा मोफत पास मुलींना पदवीपर्यंत द्यावा.

आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना एक विनंती. या दोन शहरांत निवृत्त शिक्षक, बँकवाले, मंत्रालयात नोकरी केलेले हजारो लोक आहेत. ज्या खात्यांच्या लॉगिनमध्ये हे अर्ज अडतात, त्यांची भाषा तुम्हाला येते. जून-जुलैत जवळच्या कॉलेजात आठवड्यातून एक दुपार बसून मुलांचे अर्ज भरून द्या, आधार जोडून घ्या, परत आलेले अर्ज दुरुस्त करा. मदत द्यायची असेल तर ती दिवाळीच्या समारंभात हार-नारळासह देऊ नका. कॉलेजच्या विद्यार्थी सहायता निधीत मेमध्येच जमा करा, म्हणजे पहिल्या महिन्याच्या पासाला आणि प्रवेशाच्या पावतीला ती उपयोगी पडेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा यंदाचे पहिले सत्र संपत आलेले असेल. पुढच्या जूनची तयारी करायला हातात सात-आठ महिने आहेत.