गोळीतलं दोन खोल्यांचं घर

बालमित्रांनो, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत एक गोळी मिळते ना? "चावून खा रे, अख्खी गिळू नका," असं बाई बजावतात. तीच ती जंतांची गोळी, अल्बेंडाझोल! २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ती फुकट देतात.

वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, गोळीनं जंत मरतात, मग आपल्याला काही कसं होत नाही?" प्रश्न अगदी शहाण्यासारखा आहे. उत्तरासाठी आधी एक घर बांधू या.

काडेपेटीतल्या दहा विझलेल्या काड्या घ्या. मातीचे नऊ मणी करा. सात काळे रंगवा, दोन निळे. सहा काळ्या मण्यांचा षटकोन करा. त्याच्या एका भिंतीला लागून पंचकोन जोडा. पंचकोनाचे बाहेरचे तीन मणी असे लावा : निळा, काळा, निळा. झालं दोन खोल्यांचं घर! काळे मणी म्हणजे कार्बनचे अणू, निळे नायट्रोजनचे. हायड्रोजनचे अणू बाहेरून चिकटतात, ते आपण सोडून दिले. या घराचं नाव बेन्झिमिडाझोल. म्हणताना जीभ अडखळते, पण घर मोठं कामाचं, बरं का!

अल्बेंडाझोलच्या मधोमध हेच घर असतं. जंताच्या पेशींत बारीक बारीक नळ्या असतात. त्या ट्युब्युलिन नावाच्या विटा रचून तयार होतात. औषध या विटेवर जाऊन बसतं. मग नळी रचताच येत नाही, जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. आपल्याही पेशींत अशा विटा आहेत, पण त्यांचा आकार थोडा निराळा. तिथं औषध नीट बसत नाही. शिवाय गोळीचा बराचसा भाग आतड्यातच राहतो, आणि जंतही तिथंच असतात!

आता गंमत पाहा. हेच घर, थोडा फेरफार होऊन, ब१२ जीवनसत्त्वातही असतं. तिथं त्याच्या एका नायट्रोजननं कोबाल्ट या धातूचा हात धरलेला असतो. डोरोथी हॉजकिन या शास्त्रज्ञ बाईंनी क्षकिरणांच्या मदतीनं ब१२ची रचना शोधून काढली. १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तांबड्या रक्तपेशी तयार व्हायला ब१२ लागतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं. म्हणजे बघा, अंकुशकृमी नावाचा जंत आतड्याला चिकटून आपलं रक्त पितो. त्याला मारणाऱ्या गोळीत हे घर, आणि रक्त तयार करायला मदत करणाऱ्या जीवनसत्त्वातही तेच घर! आजोबांच्या पित्ताच्या पॅन्टोप्राझोल गोळीतही ते आहे. पोटात आम्ल सोडणारे पंप ती बंद करते.

धातूचा हात धरण्याची ही खोड रसायनशास्त्रज्ञांनाही आवडली. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आई ते पाण्यात टाकते. हवेतला ऑक्सिजन लागून घडणारा हा बदल म्हणजे ऑक्सिडीकरण. वांग्यातलं एक विकर तो घडवून आणतं. त्या विकरात तांब्याचे अणू असतात आणि त्यांना आपल्या पंचकोनासारख्याच खोल्यांनी धरून ठेवलेलं असतं. म्हणून शास्त्रज्ञांनी बेन्झिमिडाझोलला तांबं, लोखंड, मँगनीज असे धातू जोडून पाहिले. त्यातून ऑक्सिडीकरणाचे उत्प्रेरक मिळाले. उत्प्रेरक म्हणजे काम झटपट घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा मदतनीस.

पालकांनाही दोन शब्द. मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल, तर गोळी देण्याआधी शाळेत सांगा. पोटात जंत फार असतील तर थोडं मळमळतं, पोट दुखतं. ते बहुधा लवकर थांबतं. तेवढ्यासाठी मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

मात्र नुसत्या गोळीवर विसंबून चालणार नाही. मेंढ्यांना ही औषधं वारंवार दिली गेली, तेव्हा जगात अनेक ठिकाणी काही जंतांच्या विटेचा आकार बदलला आणि औषध तिच्यावर बसेना. शिवाय गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. अंडी नखांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीची पिल्लं तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात!

तेव्हा मुलांनो, शौचाला शौचालयातच जा, पायात चप्पल घाला, जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणानं हात धुवा. आणि हो, आत्ता जरा आपली नखं बघा पाहू. वाढली आहेत ना? मग आणा नेलकटर!